बारा मायक्रॉन

आमच्या कारखान्यात बनणारं औषध दिसायला दुधासारखं असतं. ज्या पेशंटला तोंडाने काही घेता येत नाही त्याच्या शिरेतून ते सोडतात आणि तेवढ्यावर माणूस आठवडेच्या आठवडे तग धरतो. त्यात असतं तेल आणि पाणी. दोघांचं कधी जमत नाही, म्हणून तेलाचे इतके बारीक थेंब करायचे की ते पाण्यात पसरून राहतील आणि पुन्हा एकत्र येणार नाहीत. थेंब पाच मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून मोठा थेंब शिरेतून फुप्फुसात पोचतो आणि तिथल्या अतिबारीक नळ्यांत अडकून बसतो.

ते थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं हे माझं काम. एकोणीस वर्षं मी तेच करते आहे. लहानपणी घरभर गरागरा फिरायची म्हणून मला भिंगरी म्हणत. पुढे सगळा जन्म भिंगाला डोळा लावण्यात जाणार हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दादा म्हणतो, नाव ठेवणाऱ्याची जीभ काळी होती.

थेंब निघतात ते काचेच्या नळीतून. नळी बोटाएवढी जाड, खडूसारखी पांढरी, आणि तिच्या अंगभर कोट्यवधी भोकं, सगळी एका मापाची. बाहेरून तेल हलक्या दाबाने ढकलायचं, आतून पाणी वाहतं ठेवायचं. मग काचेला घाम फुटावा तसं तेल आतल्या बाजूला थेंबाथेंबाने उगवतं आणि पाणी ते खुडून नेतं. दाब मात्र सांभाळावा लागतो. घाई केली की थेंब भोकातून सुटायच्या आधीच शेजारच्याला जाऊन मिळतो आणि लहानमोठे, वेडेवाकडे थेंब निघू लागतात.

या नळ्या माझी वहिनी बनवायची. तिला कारखान्यात मीच चिकटवली होती. विशिष्ट काच ती भट्टीत तासन्‌तास एका आचेवर धरून ठेवायची. तेवढ्या वेळात काचेच्या पोटात दोन वेगळ्या काचा तयार होतात, एकमेकींत गुंतलेल्या. मग नळी ॲसिडमध्ये बुडवायची. ॲसिड त्यातली एक काच खाऊन टाकतं, आणि दुसरी उरते ती भोकंच भोकं घेऊन. आच किती आणि वेळ किती हे वहिनी यंत्रावर बघायची, पण ठरवायची भट्टीच्या रंगावरून. तिच्या हाताची नळी असली की माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब मधमाश्यांच्या पोळ्यासारखे आपोआप रांगेत बसायचे. सगळे एकसारखे झाले की ते आपसूक तसेच बसतात. मी तिला बोलावून दाखवायची. ती पदराने भिंग पुसायला जायची आणि मी ओरडायची. बारा वर्षं हे चाललं. ॲसिडच्या वाफेने तिचा आवाज बसला होता. फोनवर लोक तिला दादाच समजायचे आणि ती दादा होऊन बोलायची.

आमच्या विभागाचे प्रमुख उंच, नीटनेटके, कुणावर आवाज न चढवणारे होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते ‘लवकर’ म्हणत, म्हणून माघारी त्यांचं नाव लवकरसाहेब पडलं होतं. एका मोठ्या बॅचला उशीर होत होता तेव्हा त्यांनी दाब दुप्पट करायला सांगितलं. संध्याकाळी नमुना माझ्याकडे आला. भिंगाखाली नुसता गोंधळ होता. काही थेंब एक मायक्रॉनचे, काही सहा-सातचे आणि सगळ्यात मोठा बारा मायक्रॉनचा. मी तक्त्यावर तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख माझ्या खोलीत आले. हातात कोरा तक्ता होता. ते म्हणाले, तुमचं यंत्र काल नीट लावलेलं नसणार, पुन्हा लिहा. मी लिहिलं. कमाल आकार चार पूर्णांक दोन. खाली सही केली.

का केली, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. त्यांनी धमकी दिली नव्हती. टेबलाशी उभे राहिले एवढंच, आणि मला ती शांतता संपवायची होती.

औषध गेलं. सात पेशंटना धाप लागली, त्यातले दोघे दगावले. चौकशी बसली. दाबाची नोंद बदललेली होती, माझा तक्ता स्वच्छ होता, मग दोष कुठे शोधणार? प्रमुखांनी वहिनीच्या भट्टीतली तडा गेलेली एक नळी चौकशी समितीपुढे ठेवली. ती त्या बॅचची नव्हतीच. वहिनीला काढलं. दगावलेल्यांपैकी एकीची मुलगी दादाच्या दारात येऊन वहिनीकडे नुसती बघत उभी राहिली आणि परत गेली. त्यानंतर वहिनी घराबाहेर पडली नाही.

फुप्फुसं आधीच ॲसिडने खाल्लेली होती. मागच्या खोलीत तिची खाट आणि शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. दादा सुतारकाम करतो. त्याने ती उशाशी टेकून बसू शकेल अशी तिरकी फळी करून दिली. आडवं झालं की तिचा जीव गुदमरायचा. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा, बाहेर सोडताना करवतीसारखा. घरात कुठेही बसलं तरी तो ऐकू यायचा.

शेवटच्या आठवड्यात मी गेले तेव्हा तिने मला जवळ बसवलं. एकेका शब्दामागे थांबत बोलली.

“साहेबाने एकदा तरी बघायला हवं होतं, भिंगरे. बारा वर्षं माझ्या नळ्या वापरल्या. थेंब कसा दिसतो, त्याला माहीत नाही.”

मी तिची उशी सारखी करत होते.

“तू तर बघितला होतास,” ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. मी उशी सारखीच करत राहिले. चार दिवसांनी ती गेली. दादाला मी तक्त्याचं कधीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेदहाला आमची आढावा बैठक असते. खोली थंड, लांब टेबल, प्रत्येकापुढे गार पाण्याचा पेला. वहिनी गेल्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी मी प्रमुखांच्या समोर बसले होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून त्यांच्या पेल्याकडे बघत होते. गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतंच. काही थेंब मोठे, काही बारीक, मध्येच एखादा ओघळ. माझ्या पेल्यावर तसंच होतं. शेजारच्यांच्याही. प्रमुखांच्या पेल्यावर सगळे थेंब सारखे होते. वरपासून खालपर्यंत, तिरक्या रांगांत, पोळ्यासारखे.

माझी मोजपट्टी नेहमी पांढऱ्या कोटाच्या खिशात असते. बैठक संपल्यावर सगळे बाहेर गेले तेव्हा मी त्या पेल्यावरचे थेंब मोजले. तीन मिलिमीटर. जिथे जिथे पट्टी लावली तिथे तीन.

पेल्याची काच, खोलीतली हवा, काहीतरी कारण असणार असं मी धरून चालले. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम लवकर जाऊन त्यांचा आणि माझा पेला अदलाबदल केला. पाणी सुटलं ते पुन्हा त्यांच्याच पुढच्या पेल्यावर रांगेने. दीड मिलिमीटर. त्याच्या पुढच्या सोमवारी पाऊण. पेल्यावर नव्हे, त्यांच्या पाठीमागच्या खिडकीच्या काचेवर, त्यांच्या खांद्यांच्या आणि डोक्याच्या आकाराएवढ्या भागात. मी वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले. आकार दर आठवड्याला निम्मा होत होता.

तीनाला आठ वेळा निम्मं केलं तर काय उरतं हे कुणीही काढू शकेल. शून्य पूर्णांक शून्य एक एक सात मिलिमीटर. म्हणजे पावणेबारा मायक्रॉनच्या आसपास. पहिल्यापासून मोजलं तर नववा सोमवार. मी कॅलेंडरवर त्या तारखेला काही खूण केली नाही. गरज नव्हती.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

चौथ्या सोमवारी बोलता बोलता त्यांच्या कपाळावर घाम आला. घामाचे मणी भुवयांपासून केसांपर्यंत ओळीने बसले होते, कुणी मापून लावल्यासारखे. त्यांनी रुमालाने पुसले. पुसल्याजागी लगेच तशाच ओळी उगवल्या. कुणी पाहिलं की नाही कोण जाणे. पाहिलं असलं तरी वरिष्ठांच्या कपाळाबद्दल कोण बोलणार? त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. दाढी नीट झालेली नव्हती. आरशावरची वाफ पुसली तरी जात नाही, म्हणाले. डॉक्टरांना दाखवलं, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मग घसा साफ करून म्हणाले, तुम्ही थेंब मोजता, तर हे मोजून बघा. ‘लवकर’ म्हणाले नाहीत.

पाचव्या सोमवारी बैठक झाल्यावर ते माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत सही घ्यायला सोडून पहिल्यांदाच. मी त्यांना काचपट्टीवर श्वास सोडायला सांगितलं आणि ती भिंगाखाली ठेवली. एकशे सत्त्याऐंशी मायक्रॉन. मी बाजूला झाले. त्यांनी वाकून डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

“किती एकसारखे,” ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं. मग ते कौतुक विरलं. “हिच्या नळीतून असेच निघायचे?”

मी हो म्हटलं. त्यांनी ‘हिच्या’ म्हटलं होतं. वहिनीचा विषय मी काढलेला नव्हता.

हे थांबेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. पण त्या दिवशी खरा दाब किती होता ते तुम्ही लिहून द्या. ते खुर्चीत बसले. बसल्या बसल्या माझ्याच टेबलावरचा कागद ओढून त्यांनी सगळं लिहिलं. दाब, वेळ, नोंद कुणी बदलली, तडा गेलेली नळी कुठून आणली. अक्षर सुरेख होतं. खाली सही करायला पेन टेकवलं आणि थांबले.

“तुमचा पहिला तक्ता आहे अजून?”

तो माझ्या खणात होता. मी तो फाडला नव्हता.

“तो जोडल्याशिवाय या कागदाला अर्थ नाही. दोघांनी मिळून देऊ. मी जाईन, तुम्हीही जाल. पण तिचं नाव तरी धुतलं जाईल.”

मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यांनी तो कागद सही न करता घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

सहाव्या सोमवारी त्यांच्या पेल्यावरचे थेंब मोजायला मी बहाण्याने नमुना घेतला. एकशे सत्त्याऐंशी. आकार उतरला नव्हता. ते माझ्याकडे आशेने बघत होते. त्या आठवड्यात त्यांनी तीनदा निरोप पाठवला. एकदा स्वतः जिन्यात थांबले.

मी तेव्हा खणातून तक्ता काढून त्यांच्या हातात दिला असता तर वहिनी निर्दोष ठरली असती, दादाच्या दारात ती मुलगी पुन्हा वेगळ्या तोंडाने आली असती. आणि प्रमुख जगले असते. हे तिसरं मला नको होतं. नोकरी जाईल, तुरुंगही होईल याची भीती होती, नाही असं नाही. पण ती भीती मी पुढे केली ती स्वतःला दाखवायला. आत खोल एकच गोष्ट होती. आठवड्याला निम्मा होत जाणारा तो आकडा मला शेवटपर्यंत बघायचा होता.

जिन्यात मी त्यांना म्हटलं, “माझा तक्ता मी केव्हाच फाडला.”

मग त्यांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि पुन्हा खिशातच ठेवले.

“ती तर गेली,” ते म्हणाले. “आता तिला काय फरक पडतो?”

सातव्या सोमवारी आकडा एकदम दोन घरं उतरला. सत्तेचाळीस. थांबलेला आठवडा भरून काढला होता.

एवढे बारीक थेंब दाटीने एकत्र आले की डोळ्याला पांढरे दिसतात. दूध पांढरं दिसतं ते त्यामुळेच. प्रमुखांच्या खिडकीची काच दुधाळ झाली होती. बोलताना ओठांच्या कोपऱ्यात पांढरं साचत होतं. त्यांनी डोळे पुसले तेव्हा रुमालावर दुधाचा डाग पडला.

आठव्या सोमवारी ते बैठकभर तोंडाला रुमाल लावून बसले. तेवीस.

नवव्या सोमवारी मी नेहमीची साडी नेसले, नेहमीच्या वेळी निघाले. बैठकीच्या खोलीत ऊन आलं होतं. प्रमुख वेळेवर आले. बसले. समोरचा पेला त्यांनी उपडा घालून ठेवला.

साडेदहाला कुणीतरी मागच्या महिन्याचे आकडे वाचायला सुरुवात केली.

प्रमुखांनी श्वास आत घेतला. शिट्टीसारखा आवाज आला.

सगळ्यांनी वर पाहिलं.

श्वास बाहेर आला. करवतीसारखा.

त्यांनी टेबलाची कड धरली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी काहीतरी बोलायला हवं होतं त्यांना. खोलीत धावपळ झाली, कुणी टाय सोडला, कुणी फोन केला. मी बसून होते. टेबलाला त्यांचा तळवा लागला होता तिथे पांढरा ओला ठसा उमटला.

दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

दुपारी तिथल्या डॉक्टरांचा मला फोन आला. हा माणूस तुमचं औषध घेत होता का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. रक्ताची नळी उभी ठेवली तर वर सायीसारखा थर येतोय, म्हणाले; तुम्ही बघाल का? त्यांनी नमुना पाठवला. मी काचपट्टीवर एक थेंब घेतला, भिंग लावलं. लाल पेशींच्या मधोमध तेलाचे गोल, पोळ्यासारखे रांगेत. मी दोनशे मोजले. एकही लहान नाही, एकही मोठा नाही. अकरा पूर्णांक सात. या वेळी तक्त्यावर जे दिसलं तेच लिहिलं आणि सही केली.

साडेचारला सुटून मी थेट दादाकडे गेले. ही बातमी त्याला मीच द्यायची होती. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. वहिनीचा सूड पुरा झाला असं काहीतरी म्हणायचं होतं. दादाला ते आवडलं नसतं, पण मला म्हणायचं होतं.

दादा पुढच्या खोलीत रंधा धरून बसला होता. अंगावर भुसा. चेहरा मात्र असा निवांत की मी वर्षभरात पाहिला नव्हता. मी बातमी सांगितली. तो रंधा खाली ठेवून म्हणाला, “साडेदहाला ना?”

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

त्याने मागच्या खोलीकडे मान वळवली. दार लोटलेलं होतं. तो सांगायला लागला, अगदी साधेपणाने, कामाचं सांगावं तसं. वहिनी गेल्यापासून मागच्या खोलीतला तिचा श्वास थांबलेलाच नव्हता. तीच शिट्टी, तीच करवत, दिवसभर. आधी त्याला वाटलं यंत्र चालू राहिलं. यंत्र तर परत देऊन झालं होतं. मग त्याला सवय झाली. सोबत होती, म्हणाला. कुणाला सांगितलं नाही, लोक वेड्यात काढतील. आज सकाळी साडेदहाला ती शिट्टी एकदम बंद झाली आणि श्वास मोकळा झाला. आत, बाहेर. आत, बाहेर. लग्नाच्या वेळी घ्यायची तसा. दिवसभर तो इथे बसून नुसता ऐकत होता.

मी कान दिला. मागच्या खोलीत काहीच आवाज नव्हता. रस्त्यावरून एक गाडी गेली. तेवढंच.

“मला काही ऐकू येत नाही, दादा,” मी म्हटलं.

“नाही येणार,” तो म्हणाला. त्याने पुन्हा रंधा उचलला आणि त्याच्या पात्याला चिकटलेली साल बोटाने काढत बसला. “तू घरात पाऊल टाकलंस ना, की ती श्वास रोखून धरते. पहिल्या दिवसापासून. तू जाईपर्यंत सोडतच नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.”